न वाचलेला निबंध

वाचकहो, शेंडेनक्षत्र उगवले की राजावर गंडांतर, ही समजूत आपल्याकडेही जुनीच. पण १७७३ साली पॅरिस शहर हादरले ते धूमकेतूवरच्या नुसत्या एका निबंधाने! आणि तोही कोणी ऐकलेला नव्हता.

लालांद हा मोठा ज्योतिर्विद. पृथ्वीजवळ येऊ शकतील अशा धूमकेतूंविषयी त्याने लिहिले. पण विज्ञान अकादमीच्या सभेत वेळ पुरला नाही, निबंध वाचायचा राहिला. झाले! 'मे महिन्यात धूमकेतू आदळणार,' अशी आवई उठली. लालांदने खुलासा छापला, तरी भीती जाईना. मग त्याने निबंधच प्रसिद्ध केला. टक्कर अशक्य नाही, पण संभव अगदी थोडा, एवढेच त्यात होते. व्हॉल्तेअरने लोकांची थट्टा केली. मला ती पटत नाही. अर्धवट कानी आले तर माणसे घाबरायचीच. मे महिना सरला, काही आदळले नाही.