तटाखालचा दुसरा किल्ला

परदेशीपुऱ्यातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही धार जिल्ह्यात, बाघच्या परिसरातील चुनखडकांत शिंपले आणि शार्क माशांचे दात सापडतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्याच्या या खुणा. म्हणजे समुद्र आपल्या माळव्याच्या दाराशी एकदा येऊन गेला आहे. मात्र मराठी माणसाच्या मनातला समुद्र असतो तो आरमाराचा, गलबतांचा आणि जलदुर्गांचा. त्या पाण्याखाली काय आहे, याची ओळख आपल्याला फार उशिरा झाली.

सिंधुदुर्गाचेच उदाहरण घ्या. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ साली तो पुरा झाला. पायात शिसे ओतले, भोवतीच्या बुडालेल्या खडकांमुळे शत्रूच्या जहाजांना जवळ येणे अवघड होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच खडकांवर आणखी एक बांधकाम चालू आहे. त्याचे गवंडी म्हणजे प्रवाळ. प्रवाळ ही वनस्पती नव्हे, दगडही नव्हे. तो इवलासा प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःभोवती घर रचतो, पिढ्यान्‌पिढ्या घरावर घर चढते आणि त्याच्या आश्रयाने मासे, खेकडे, समुद्रफुले नांदू लागतात.

हे पाहायचे तर पाण्याखाली थांबता आले पाहिजे. श्वास रोखून बुडी मारणारा माणूस मिनिट-दोन मिनिटांत वर येतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यँ या दोघांनी ही अडचण सोडवली. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. त्यांच्या यंत्राने पाठीवरच्या नळकांड्यातली हवा भोवतीच्या दाबाइतकीच होऊन श्वासागणिक मिळू लागली. हेच आजचे स्कूबा.

छायाचित्रण त्याच्याही आधीचे. १८९३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई बूताँ यांनी भूमध्य समुद्रात पाण्याखाली छायाचित्रे घेतली. १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी माशाचे पहिले रंगीत छायाचित्र टिपले. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते, त्यामुळे थोड्या खोलीवर सारे निळे-करडे दिसते. छायाचित्रकाराने दिवा लावला की त्याच खडकावर तांबडा-केशरी रंग उमटतो.

आपल्याकडे दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. कासिम आणि वाफर यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे नोंदवले. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. पण रापण ओढून पोट भरणाऱ्या मच्छीमारांना त्यात आपल्या मासेमारीवरची बंदी दिसली आणि त्यांनी विरोध केला. त्यांची भीती खोटी नव्हती. ज्यांचे घर त्या पाण्यावर चालते, त्यांना विचारात न घेता अभयारण्य आखले तर ते कागदावरच राहते.

पुढे चित्र थोडे बदलले. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली, स्थानिक तरुण पाणबुडे झाले. पावसाळा सरून पाणी निवळले की पर्यटकांना हाताला धरून ते खाली नेतात. जिवंत प्रवाळ हा आता त्यांच्या चुलीचाही आधार आहे. मात्र गर्दीबरोबर नांगराचे घाव आले, प्रवाळावर पाय टेकवून फोटो काढणारेही आले. बोटभर प्रवाळ वाढायला कित्येक वर्षे लागतात, मोडायला एक लाथ पुरते. शिवाय पाणी तापले की प्रवाळ पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते १७ या काळात जगभर असे घडले. अशा वेळी एकाच खडकाची वर्षावर्षांची छायाचित्रे साक्षीदार ठरतात. काय होते आणि काय गेले, हे त्यांवरूनच सांगता येते.

आणखी एक ठिकाण आपण मराठी मंडळींनी ध्यानात ठेवावे. विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर आत, भर समुद्रात, एक बुडालेले पठार आहे. त्याच्या माथ्यावर सुमारे २० मीटर पाणी आणि त्यात विस्तीर्ण प्रवाळ. नकाशात त्याचे नाव ‘आंग्रिया बँक’, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याच्या नावावरून. इंग्रज आणि पोर्तुगीज ज्यांना चाचे म्हणत, त्यांचेच नाव समुद्राच्या नकाशावर कायम राहिले. देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. हे पठार तिच्या कितीतरी पलीकडे असल्याने त्याच्या संरक्षणाचा प्रश्न किनाऱ्यालगतच्या अभयारण्याहून अवघड आहे.

कान्होजींनी वरचा समुद्र राखला. त्यांच्या नावाचा हा पाण्याखालचा किल्ला राखायला तोफा लागणार नाहीत, पण राखणदार लागतीलच. यंदा दिवाळीच्या सुट्टीत इंदूरहून मालवणला जाणाऱ्या कुटुंबांनी तटबंदी जरूर पाहावी, मुलांना महाराजांची गोष्ट सांगावी. मग पाण्यात उतरावे, डोळे भरून पाहावे, हवे तर छायाचित्र घ्यावे. हात मात्र कशालाही लावू नये.