कॉन्टॅक्ट लेन्सचा त्रास: सवय होईपर्यंतचा कोणता आणि धोक्याचा कोणता?

नवीन कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर पहिले काही दिवस डोळ्यात काहीतरी असल्यासारखे वाटते. थोडे पाणी येते, पापण्या जास्त मिटतात, संध्याकाळी डोळे कोरडे होतात. बहुतेकांना हे होते आणि हळूहळू कमी होते. पण डोळ्याचा संसर्गही सुरुवातीला असाच वाटू शकतो. 'सवय होईल' म्हणून तो अंगावर काढला, तर नजर कायमची अधू होण्याची भीती असते.

दोन्हींत फरक करण्याचा सोपा नियम असा: सवयीचा त्रास रोज थोडा कमी होतो आणि लेन्स काढली की थांबतो. आजाराचा त्रास वाढत जातो आणि लेन्स काढल्यावरही राहतो.

हिंगोली जिल्ह्यात हा फरक ओळखणे जास्त गरजेचे आहे. इथे हळदीची भुकटी, मळणीचा भुसा, कोरडे ऊन आणि बोअरचे पाणी यांच्याशी रोजचा संबंध येतो.

लेन्स डोळ्यावर नेमकी कुठे बसते?

डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे त्याला लागणारा बहुतेक ऑक्सिजन अश्रूंच्या थरातून थेट हवेतून मिळतो. लेन्स याच थरावर तरंगते. म्हणून लेन्स जास्त तास घातली, किंवा घालूनच झोपले, तर कॉर्नियाला ऑक्सिजन कमी पडतो. लेन्स घालून झोपल्याने संसर्गाचा धोका कितीतरी पटीने वाढतो. दुपारची डुलकीही याला अपवाद नाही.

आज बहुतेक जण वापरतात ती मऊ लेन्स पाणी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकची असते. १९६१ मध्ये ऑटो विख्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाने घरीच बनवलेल्या यंत्रावर अशा लेन्स तयार केल्या. ही लेन्स स्पंजासारखी पाणी शोषते आणि म्हणूनच मऊ लागते. पण पाण्याबरोबर रंग आणि रसायनेही ती शोषून घेऊ शकते. लेन्सबाबतचे अनेक नियम याच गुणधर्मामुळे आले आहेत.

पहिले दोन आठवडे

पहिल्याच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत लेन्स घालू नये. साधारणपणे पहिल्या दिवशी ४ तास आणि मग रोज एक-दोन तास वाढवत नेतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे वेळापत्रक दिले असेल तर तेच पाळा. मऊ लेन्सची सवय काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत होते. कडक लेन्सला तीन-चार आठवडे लागू शकतात.

या काळात तपासणीची तारीख चुकवू नका. लेन्स नीट बसते की नाही हे यंत्राखाली बघूनच कळते. चष्म्याचा नंबर घेऊन थेट लेन्स मागवणेही चुकीचे आहे. लेन्सला नंबराशिवाय गोलाई आणि व्यास अशी मापे लागतात. नंबर ४ च्या पुढे असेल तर चष्म्याचा आणि लेन्सचा नंबरही बहुतेक वेळा वेगळा येतो.

लेन्स टोचते आहे? आधी हे बघा

- लेन्स उलटी झाली आहे का? बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघा. काठ वाटीसारखे सरळ उभे असतील तर लेन्स बरोबर आहे. बशीसारखे बाहेर पसरले असतील तर उलटी आहे.
- कचरा अडकला आहे का? लेन्स काढा, सोल्यूशनने चोळून धुवा आणि पुन्हा घाला. तरीही टोचत असेल तर काठ फाटला असू शकतो. अशी लेन्स टाकून द्या.
- मुदत संपली आहे का? महिन्याची लेन्स पाकीट उघडल्यापासून महिनाभर चालते. ती १० दिवसच घातली म्हणून मुदत वाढत नाही.
- पापण्या कमी मिटताय का? एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. मोबाइल बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि लेन्स कोरडी पडते. मध्येमध्ये नजर लांब न्या आणि पापण्या पूर्ण मिटा.

कोरडेपणासाठी थेंब घालायचे असतील तर ते लेन्सवर चालतात का, हे डॉक्टरांना विचारा. गुलाबपाणी, मध, एरंडेल तेल डोळ्यात घालू नका. लेन्स असताना तर नाहीच.

लेन्स डोळ्याच्या मागे जाते ही भीती मात्र खोटी आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण पुढे पापणीच्या आतल्या बाजूला जोडलेले असते, त्यामुळे मागे जायला वाटच नसते. लेन्स फार तर वरच्या पापणीखाली सरकते. खाली बघत पापणीवरून हलके बोट फिरवले की ती पुढे येते.

हळदीचा हंगाम, मळणी आणि ऊन

हिंगोली जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळा आला की शेतात हळद उकडणे, वाळवणे आणि पॉलिश करणे सुरू होते. पॉलिशच्या ढोलाजवळ आणि बाजार समितीच्या यार्डात बारीक पिवळी भुकटी हवेत असते. हा कण लेन्सखाली गेला की पापणीच्या प्रत्येक उघडझापीला कॉर्नियावर घासतो. अशा ठिकाणी चष्माच बरा. हळदीचा हात लेन्सला लागला तर पिवळा रंग आत मुरतो आणि सहज निघत नाही. म्हणून स्वयंपाकाआधी किंवा हळद-मिरची हाताळण्याआधी लेन्स घालून घ्या. काढण्याआधी हात साबणाने दोनदा धुवा.

सोयाबीन, तूर, ज्वारीच्या मळणीत धोका वेगळा आहे. भुसा, कुसळ किंवा वाळलेली पात डोळ्याला लागली तर कॉर्नियावर ओरखडा येतो आणि त्यातून बुरशी आत शिरू शकते. भारतातल्या शेतीप्रधान भागांत बुरशीमुळे होणारा कॉर्नियाचा व्रण ही मोठी समस्या आहे. मळणीयंत्राजवळ काम करताना लेन्स घालू नका. चष्म्यावरूनही बसेल असा संरक्षक गॉगल वापरा.

दुचाकीवर सेनगाव किंवा कळमनुरीच्या रस्त्याने जाताना उन्हाळ्यातला कोरडा वारा अश्रूंचा थर पटकन सुकवतो. हेल्मेटची काच खाली ठेवली किंवा बाजूंनी बंद गॉगल लावला तर बराच फरक पडतो.

लेन्सला पाणी लावू नका

नळाचे, बोअरचे, जारचे किंवा उकळून गार केलेले, कोणतेही पाणी लेन्सला किंवा डबीला लावू नका. पाण्यात आणि मातीत अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. तो लेन्सला चिकटून कॉर्नियात शिरला तर तीव्र वेदना होतात आणि उपचार अनेक महिने चालतात. विहिरीत पोहण्याआधी, आंघोळीआधी आणि धुळवडीला बाहेर पडण्याआधी लेन्स काढून ठेवा.

हात मात्र पाणी आणि साबणानेच धुवायचे, पण लेन्सला हात लावण्याआधी स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करायचे. रोज जुने सोल्यूशन ओतून टाका आणि नवीन भरा. उरलेल्यात भर घालू नका. सलाईनने जंतू मरत नाहीत, त्यामुळे ते सोल्यूशनच्या जागी चालत नाही. डबी दर ३ महिन्यांनी बदला. हे सगळे रोज जमणार नसेल तर एकदा वापरून टाकायची लेन्स हा सुरक्षित पर्याय आहे.

लग्नसराई आणि रंगीत लेन्स

लग्नात मेकअपसोबत रंगीत लेन्स घालण्याची पद्धत आता गावोगावी पोहोचली आहे. नंबर नसला तरी ही लेन्सच आहे आणि तिलाही डोळ्यांची तपासणी लागते. एकीने घातलेली लेन्स दुसरीने कधीही घालू नये. सोल्यूशनने धुतली तरी नाही. आधी लेन्स घालायची, मग काजळ आणि मेकअप करायचा. रात्री आधी लेन्स काढायची, मग चेहरा धुवायचा. लग्नघरी थकून लेन्ससकट झोपणे ही नेहमी होणारी चूक आहे. लेन्स काढायला सांगण्याची जबाबदारी आधीच कोणावर तरी द्या.

ही लक्षणे दिसली तर थांबा

- लेन्स काढल्यावरही दुखणे किंवा लाली कायम राहणे
- उजेड सहन न होणे
- लेन्स काढून चष्मा लावला तरी अंधुक दिसणे
- चिकट स्राव किंवा पापणी सुजणे
- काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे

यातले एकही लक्षण असेल तर लेन्स लगेच काढा, पुन्हा घालू नका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. त्यावरून कोणता जंतू आहे हे शोधायला मदत होते.

मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका. अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते आणि बरे वाटते, पण बुरशीचा संसर्ग असेल तर तो आत वाढत राहतो. कॉर्नियाच्या मोठ्या उपचारांसाठी हिंगोलीतून रुग्णाला नांदेड, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागू शकते. म्हणून पहिली तपासणी जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात लगेच करून घ्या.

लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाकडे चालू नंबरचा चष्मा असायलाच हवा. चष्मा नसला की दुखत्या डोळ्यातही लेन्स घालावी लागते आणि साधा त्रास बळावतो. सर्दी-ताप असताना, डोळे आले असताना, धुळीच्या कामावर जाताना आणि रात्रीच्या प्रवासात चष्मा लावा.