बचावाचा धडा गिरणी-खाणीच्या रग्बीतून

रग्बी युनियनमध्ये टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं, हा फार काळ धाडसाचा मामला मानला गेला. खांदा घाल, पाय आवळ, एवढं सांगितलं की शिकवणं संपलं. आज प्रत्येक मोठ्या संघाला बचावाचा स्वतंत्र प्रशिक्षक असतो. ही पद्धत आली रग्बी लीगमधून, युनियनने शंभर वर्षं दूर ठेवलेल्या भावंडाकडून.

१८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब युनियनमधून फुटून निघाले. त्यांचे खेळाडू खाणीत, गिरणीत राबणारे; सामन्यापायी बुडालेली मजुरी त्यांना देऊ द्यायला युनियन राजी नव्हती. या क्लबांचा खेळ म्हणजेच पुढची रग्बी लीग; त्यांनी नियमही बदलले. १९०६ पासून पकडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवू लागला, म्हणजे टॅकल होऊनही चेंडू चढाई करणाऱ्यांकडेच. १९६६ मध्ये सलग चार टॅकलची मर्यादा आली, १९७२ मध्ये ती सहावर गेली. बचाव करणाऱ्यांनी दर वेळी उठायचं, मागे हटायचं, रांग धरायची आणि एका दमात पुढे यायचं. कबड्डीच्या साखळीत एक जण घाईने सुटला की भगदाड पडतं, तसंच इथे. नुसत्या धाडसाने हे निभत नाही; रोज घटवावं लागतं. माझ्या मते बचावाचं सारं शिक्षण टॅकलनंतरही चेंडू चढाई करणाऱ्यांकडेच ठेवणाऱ्या या एका नियमाच्या पोटी जन्मलं.

लीग खेळलेल्याला युनियनची दारं बंद असत. ऑगस्ट १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक झाली आणि ती उघडली. १९९७ मध्ये इंग्लंडचे मुख्य प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांनी लीगचे प्रशिक्षक फिल लार्डर यांना संघाच्या बचावासाठी आणलं. ऑस्ट्रेलियाकडे लीगचेच जॉन मगलटन होते. १९९९च्या विश्वचषकात सहा सामन्यांत ऑस्ट्रेलियावर एकच ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) झाला, तोही अमेरिकेचा. २००३चा विश्वचषक लार्डर यांच्या साथीने इंग्लंडने जिंकला. २००८ मध्ये लीगचेच शॉन एडवर्ड्स वेल्सकडे आले, आणि त्या वर्षीच्या सिक्स नेशन्स या सहा युरोपीय संघांच्या स्पर्धेत वेल्सवर अवघे दोन ट्राय झाले.

लीगकडून आणखी एक सवय आली: दोघांनी मिळून छातीशी भिडायचं आणि चेंडू जखडायचा, म्हणजे तो साथीदाराकडे जात नाही. डावपेच म्हणून हे बिनतोड, पण डोकी डोक्यांवर आदळू लागली. मेंदूच्या दुखापतींची ही किंमत खेळाने फार उशिरा मोजली, याचं मला वाईट वाटतं. २०१७ पासून उंच टॅकलला कडक शिक्षा होऊ लागली. जुलै २०२३ पासून इंग्लंडच्या हौशी रग्बीत छातीच्या हाडाखालीच टॅकल चालतो. त्यामुळे प्रशिक्षक आता पुन्हा मुळाक्षरं गिरवून घेताहेत: गुडघे वाकव, पाऊल समोरच्याजवळ टाक, डोकं त्याच्या शरीराच्या बाजूला ठेव, मग खांदा, मग हातांची मिठी.