सायकलस्वाराची जर्सी आणि घाटावरची हवा

सायकलीच्या इतिहासांत चाकांची, साखळीची आणि रबरी धावांची हकीकत पुष्कळांनीं लिहिली आहे. पण स्वाराच्या अंगावरील वस्त्राची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. श्रोतेहो, आज ती थोडक्यांत सांगावी असा विचार आहे. हवा एका दिवसांत तीनदां पालटत असेल तर एकाच जर्सीवर कसें भागवावें, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

त्याचें मूळ डोंगरांत आहे. चढ चढतांना वेग मंद आणि श्रम मोठे. अंग घामानें निथळतें. माथा ओलांडला कीं श्रम थांबतात, वेग तासाला साठ-सत्तर किलोमीटरांवर जातो, आणि त्या वाऱ्यांत ओलें वस्त्र अंगाची ऊब भराभर हिरावून घेतें. स्वार गारठतो तो बहुधा चढावर नव्हे, उतारावर.

'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. त्या काळची जर्सी लोंकरीची विणलेली असे. १९१९ सालीं आघाडीच्या स्वाराला पिवळी जर्सी देण्याचा प्रघात पडला व ती प्रथम यूजेन क्रिस्तोफ याला मिळाली, तीहि लोंकरीचीच. लोंकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल अंगीं मुरविते, तरी ती ओल अंगाला फारशी जाणवूं देत नाहीं. आपल्याकडील धनगर भर पावसांत घोंगडीच कां पांघरतो, याचें उत्तर हेंच. मात्र पाऊस लांबला कीं ती जड होऊन लोंबूं लागते.

१९४७ सालीं कृत्रिम धाग्याची भेसळ असलेली पिवळी जर्सी आली. लुईझों बोबे या फ्रेंच स्वारानें पुढें ती घालण्याचें साफ नाकारलें. घामाच्या अंगाला शुद्ध लोंकरच हितकर, असा त्याचा हट्ट. कारखानदाराला रातोरात दुसरी जर्सी करून द्यावी लागली! माझ्या मतें, त्या वेळच्या कापडाचा विचार करतां, बोबेचेंच बरोबर होतें.

परंतु लोंकरीनें सर्व भागत नसे. ८ जून १९५६ रोजीं इटलीच्या शर्यतींत मोन्ते बोन्दोनेच्या चढावर बर्फ पडूं लागलें. जवळजवळ निम्म्या स्वारांनीं शर्यत सोडली. लक्झेंबर्गचा शार्ली गोल पहिला आला खरा, पण गोठलेली जर्सी त्याच्या अंगावरून कापून काढावी लागली.

याहून बोलका प्रसंग ५ जून १९८८ चा. त्याच शर्यतींत गाव्हिया खिंडीवर, अडीच हजार मीटरांहून उंच, हिमवर्षाव झाला. डच स्वार योहान व्हान डर व्हेल्दे आखूड बाह्यांच्या जर्सीवरच सर्वांच्या आधीं माथ्यावर पोंचला; उतारावर मात्र थंडीनें त्याला थांबविलें, आणि दिवसअखेर तो पाऊण तासाहून अधिक मागें पडला. अमेरिकन अँडी हॅम्पस्टनच्या संघानें बर्फावरील खेळांच्या दुकानांतून उबदार कपडे आणून ठेवले होते. ते चढवून तो उतरला, त्या दिवशीं अवघ्या सात सेकंदांनीं दुसरा आला, आणि पुढें ती सारी शर्यत जिंकला. व्हान डर व्हेल्देचे पाय दुबळे नव्हते. त्याच्या अंगावर वारा अडविणारें कांहीं नव्हतें, एवढेंच.

माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन तें जर्सीच्या आंत छातीवर खोंचण्याची स्वारांची जुनी रीत आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते. छातीवर वारा अडला कीं निम्मी थंडी गेली, आणि खालीं उतरल्यावर कागद फेंकून देतां येतो. पुढें पॉलिएस्टरचें कापड आलें. तें पाणी मुरवीत नाहीं म्हणून लवकर वाळतें; पण ओलें असतां लोंकरीसारखी ऊब देत नाहीं. म्हणून जर्सी निवडणाऱ्यानें रंग मागाहून पाहावा. समोरची चेन गळ्यापासून खालपर्यंत पुरती उघडते कीं नाहीं, पाठीच्या खिशांत वेगळ्या बाह्या व पातळ वारारोधक बंडी मावते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. आंत पातळ लोंकरीचा गंजीफ्रॉक असल्यास उत्तम.

या शोधांतूनच 'गाब्बा' नांवाची एक इटालियन जर्सी निघाली: आखूड बाह्यांची, अंगाला घट्ट बसणारी, वारा अडविणारी आणि पाऊसहि बराच थोपविणारी. १७ मार्च १९१३ नव्हे, २०१३ ची गोष्ट. मिलान ते सान रेमो या शर्यतींत इतकें बर्फ पडलें कीं मधला टप्पा स्वारांना मोटारबसमधून न्यावें लागलें. त्या दिवशीं दुसऱ्या कापडवाल्यांशीं करारानें बांधलेल्या कित्येक स्वारांनींहि हीच जर्सी घातली होती, आणि तिच्यावरील कारखान्याचें चिन्ह काळ्या रंगानें झांकलें होतें.