तीन रेघांची कुळकथा

बिझनेस कॉलेजच्या वर्गात टोटल क्वालिटी मॅनेजमेंट, म्हणजे टीक्यूएम, शिकवायला घेतलं की पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. डबा उघडतो. डब्यात ३२०० पांढरे आणि ८०० लाल मणी, एकत्र कालवलेले. सोबत ५० खळग्यांची एक फळी. हा प्रयोग अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी आपल्या वर्गांतून करून दाखवला, मी फक्त तो पुढे चालवतो. सहा मुलं कामगार होतात. फळी मण्यांत बुडवायची, अलगद वर काढायची. गिऱ्हाइकाला पांढरेच मणी हवेत. लाल आला की रिजेक्शन.

मुकादम मी. पहिल्या मुलीच्या फळीवर ६ लाल निघतात, तिचं कौतुक करतो. दुसऱ्याच्या फळीवर १४, त्याला सगळ्यांदेखत समज देतो. पुढच्या फेरीत कौतुकाच्या मुलीचे १३ येतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, ‘डोक्यात हवा गेली तिच्या.’ डब्यातला पाचवा हिस्सा लाल आहे हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरीही दर वर्षी हे वाक्य येतं.

मग फळ्यावर तीन आडव्या रेघा ओढतो. मधली १० वर, कारण ५० मण्यांत सरासरी १० लाल येणार. वरची साधारण साडेअठरावर, खालची दीडवर. म्हणजे २ पासून १८ पर्यंत लाल मणी आले, तर त्याचा फळी धरणाऱ्या हाताशी काही संबंध नाही. तो डब्याचा गुण. प्रत्येकाच्या लाल मण्यांचं एकेक टिंब मांडतो. सहाही जणांची टिंबं या पट्ट्यात बसतात आणि वर्ग गप्प होतो.

या तीन रेघांना कंट्रोल चार्ट म्हणतात. टीक्यूएमच्या पुस्तकात त्या ‘सात साधनां’पैकी एक म्हणून कुठेतरी मधल्या प्रकरणात येतात. माझ्या मते ही मांडणीच उलटी आहे. खोड म्हणजे या रेघा, बाकीचा विषय त्याला फुटलेल्या फांद्या.

या खोडाचं मूळ टेलिफोनच्या धंद्यात आहे. शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. अमेरिकेतल्या बेल कंपनीचे टेलिफोन आणि त्यांची यंत्रसामग्री तिथे हजारो हातांनी बनायची. लांबच्या तारांवर आवाज क्षीण होऊ नये म्हणून लागणारी उपकरणं जमिनीखाली पुरलेली असत. ती बिघडली की रस्ता खणावा लागे. तेव्हाची रीत अशी, की माल तयार झाल्यावर शेवटी तपासायचा, वाईट बाजूला काढायचा. आणि मापात जरा फरक दिसला की यंत्राची सेटिंग बदलायची, कामगाराला बोलायचं. एवढं करूनही माल एकसारखा होईना.

कंपनीच्या इंजिनिअरिंग विभागात १९१८ पासून वॉल्टर शूहार्ट नावाचा पदार्थविज्ञानाचा माणूस होता. बर्कलीहून १९१७ मध्ये डॉक्टरेट घेऊन आलेला. १६ मे १९२४ रोजी त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. जेमतेम पानभर, त्यातही सुमारे एक तृतीयांश जागा आकृतीने व्यापलेली. कंट्रोल चार्टचा तो पहिला नमुना.

शूहार्टने विचारलेला प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात सहज दिसतो. रोज भाकरी थापणाऱ्या बाईच्या दोन भाकरी तंतोतंत सारख्या कधीच नसतात. एखादी किंचित जाड, एखादी कडेला फुटलेली. पीठ, पाण्याचा ऊन-कोमटपणा, हाताचा दाब, चुलीची धग, अशी पन्नास बारीक कारणं एकाच वेळी काम करत असतात आणि त्यांतलं एकही बोट ठेवून दाखवता येत नाही. पण एक दिवस परातीतली प्रत्येक भाकरी तुटायला लागते. हा फरक वेगळ्या जातीचा. शोधलं तर कारण सापडतं: पीठ जुनं झालंय, त्याची विरी गेलीय. पहिल्या जातीच्या फरकाला शूहार्टने योगायोगाची कारणं म्हटलं आणि दुसऱ्याला शोधता येणारी कारणं. रेघांच्या आतलं टिंब पहिल्या जातीचं. बाहेर गेलं की काम थांबवून शोध घ्यायचा.

रेघा मधल्या सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर का? गणित सांगतं, की घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या विभागणीत दहा हजारांतली फक्त २७ टिंबं नुसत्या योगायोगाने या पट्ट्याबाहेर पडतील. पण शूहार्टचं उत्तर मुळात खर्चाचं होतं. रेघा फार जवळ ओढल्या तर जिथे काही नाही तिथे शोधत बसण्यात पैसा जातो. फार लांब ओढल्या तर खरा बिघाड निसटतो. दोन्ही चुकांचा तोटा तोलून, अनुभवाने, तीन हा आकडा ठरला. त्याच्या १९३१ च्या पुस्तकाच्या नावातच ‘आर्थिक नियंत्रण’ हे शब्द आहेत. वाणिज्य-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने हे आधी समजून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण तो सूत्र पाठ करतो आणि त्यामागचा हिशेब त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. स्थिर चाललेल्या लेथवर ऑपरेटरने प्रत्येक नगानंतर जेवढी चूक दिसली तेवढी सेटिंग उलट्या बाजूला फिरवली, तर मापांचा पसारा कमी होत नाही. वाढतो, सुमारे १.४ पट. मन लावून काम करणारा माणूस मेहनतीनेच माल बिघडवतो, आणि बोलणीही तोच खातो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार कारखान्यांतून रोज चालत होता. शूहार्टने त्याला पहिल्यांदा आकड्यांची अडवणूक केली.

डेमिंग यांनी विद्यार्थिदशेत १९२५ आणि १९२६ चे उन्हाळे हॉथॉर्नमध्येच नोकरी करून काढले, शूहार्टशी ओळख मात्र नंतर झाली. जोसेफ जुरान १९२४ मध्ये त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात लागले. पुढे १९३८ मध्ये शूहार्टची व्याख्यानं वॉशिंग्टनला शेतीखात्याच्या शिक्षणसंस्थेत झाली आणि १९३९ मध्ये डेमिंग यांनी ती संपादित करून पुस्तकरूपात आणली.

विद्यापीठाच्या वर्गात या रेघा आल्या त्या युद्धामुळे. १९४२ मध्ये डेमिंग यांच्या सल्ल्याने स्टॅनफर्ड विद्यापीठात युद्धसाहित्य बनवणाऱ्या कारखान्यांतल्या लोकांसाठी दहा दिवसांचा वर्ग भरला. युजीन ग्रँट आणि होलब्रूक वर्किंग हे शिकवणारे. तशाच वर्गांची लाट देशभर गेली. इंजिनिअर शिकले, तपासनीस शिकले, पण ज्यांच्या हातात डबा होता ते मालक-व्यवस्थापक वर्गात आलेच नाहीत. युद्ध संपलं, जे बनेल ते खपू लागलं आणि बहुतेक ठिकाणचे तक्ते भिंतीवरून उतरले.

डेमिंग यांना ही चूक बोचली होती. जपानी शास्त्रज्ञ-इंजिनिअरांच्या संघटनेने १९५० मध्ये त्यांना बोलावलं, तेव्हा इंजिनिअरांच्या आठ दिवसांच्या वर्गावर न थांबता त्यांनी कंपन्यांच्या प्रमुखांनाही समोर बसवलं. व्याख्यानांच्या छापील टिपणांचं मानधन त्यांनी संघटनेलाच दिलं आणि त्यातून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक उभं राहिलं. १९५४ मध्ये जुरानही जपानला जाऊन आले. काओरू इशिकावा यांनी कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती रूढ केली आणि १९६२ पासून कामगारांची क्वालिटी सर्कल्स सुरू झाली, म्हणजे टिंब काढणारा आणि त्यावर विचार करणारा माणूस एकच झाला. ‘टोटल’ हा शब्द अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या आर्मंड फायगेनबाउम यांचा, पन्नाशीच्या दशकातला. त्यांच्या लेखी टोटल म्हणजे खरेदीपासून विक्रीपर्यंत सगळी खाती, धुरा तज्ज्ञांकडे. जपान्यांनी त्यात सगळी माणसं आणली.

या कुळाची एक शाखा आपल्याकडेही आली होती, आणि लवकर आली होती. स्वातंत्र्य मिळून काही महिने होतात न होतात तोच, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट भारतात आला, त्याने कारखाने पाहिले, व्याख्यानं दिली. डेमिंग यांच्या जपानमधल्या वर्गाच्या दोन-अडीच वर्षं आधी. पन्नाशीच्या दशकात भारतीय संख्याशास्त्र संस्थेची गुणवत्ता-नियंत्रणाची केंद्रं निघाली, त्यांतलं एक मुंबईत. मूळपुरुष उंबऱ्याशी येऊन गेला, तरी पहिलं डेमिंग पारितोषिक भारतीय कंपनीला मिळायला १९९८ उजाडलं. ते चेन्नईच्या सुंदरम क्लेटनने मिळवलं. कांदिवलीत आणि नागपुरात ट्रॅक्टर बनवणाऱ्या महिंद्राच्या शेती-अवजार विभागाला २००३ मध्ये मिळालं. जगातल्या ट्रॅक्टर कंपन्यांत पहिलं. परमिटच्या काळात गिऱ्हाईक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबत असे. जपानकडे अशी रांग नव्हती. मला मधल्या पन्नास वर्षांचं मोठं कारण तेच वाटतं.

अमेरिकेला जाग आली १९८० मध्ये, एनबीसी वाहिनीने जपानवरचा कार्यक्रम दाखवल्यावर. टीक्यूएम हे नाव १९८५ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या विमान विभागात रुळलं. १९९१ मध्ये फोर्ड, आयबीएम, मोटोरोला, झेरॉक्स, अमेरिकन एक्स्प्रेस आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल या सहा कंपन्यांच्या प्रमुखांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये खुलं पत्र छापून विद्यापीठांना सांगितलं, की हा विषय शिकवा. आमच्या तासिकांना बळ आलं ते असं.

मात्र अभ्यासक्रमात बसवताना त्याच्या याद्या झाल्या. डेमिंग यांचे चौदा मुद्दे, सात साधनं, पाच एस, पंधरा गुणांची टीप. मुलं ती सुंदर लिहितात. ‘भीती घालवा’ हा मुद्दा ज्या दिवशी लिहितात त्याच दिवशी एकमेकांचे गुण ताडून पाहतात. म्हणून मी दर सत्रात एकच प्रकल्प देतो: घरातली कोणतीही एक गोष्ट तीस दिवस मोजा.

एका मुलीने म्हशीच्या दुधाची फॅट मोजली, म्हणजे डेअरीच्या पावतीवरचा रोजचा आकडा तक्त्यावर उतरवला. फॅट उतरली की घरी वाद ठरलेला. शेवटची धार नीट निपटली नाही, म्हणून वडील आजीला बोलायचे, कारण शेवटच्या धारेत फॅट जास्त असते. तीसपैकी अठ्ठावीस टिंबं रेघांच्या आत बसली. ज्या दिवशी वाद झाले होते, त्यांतले बहुतेक दिवस त्या आतल्यांतच होते. बाहेर, खालच्या रेघेखाली, दोन. लागोपाठचे दिवस. तिने मागे जाऊन पाहिलं: कडबा संपला होता आणि म्हशीला नुसता कोवळा हिरवा चारा पडला होता.

तक्ता आता गोठ्याच्या दाराला खिळला आहे. पावती आली की आजी नातीकडून आकडा वाचून घेते आणि टिंब स्वतः काढते.