विषाणू, वार्धक्य आणि स्मृती

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठीत सर्वतोमुखी आहे. साठी उलटली की माणूस विसरू लागावयाचाच, असे तीत गृहीत धरलेले आहे. आणि जे सर्वांच्याच वाट्याला यावयाचे त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. परंतु असा एक रोग आहे की, त्याच्या इतिहासाच्या पहिल्या पंधरा वर्षांत रोग्याला साठी गाठता येण्याची आशा जवळजवळ नसे, आणि बुद्धीचा ऱ्हास मात्र कित्येकदा तिशी-चाळिशीतच दिसू लागे. तो रोग म्हणजे एड्स. आज त्याच रोगाचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, शरीरात बाळगून जगणारी अनेक माणसे साठी-सत्तरीला पोचली आहेत. त्यांच्यापैकी एखादा विसरू लागला, तर ते वयाचे देणे की विषाणूचे, हे ठरविणे वैद्यकाला कठीण जाते. हे कोडे कसे निर्माण झाले आणि ते उलगडणे अगत्याचे का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ५ जून १९८१ रोजी आपल्या साप्ताहिकात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ फुफ्फुसदाहाची हकीकत प्रसिद्ध केली. एड्सच्या लिखित इतिहासाचा आरंभ तेथून धरला जातो. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्राँस्वाज बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचा विषाणू वेगळा काढला. त्या दोघांना त्यासाठी २००८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. शरीराची प्रतिकारशक्ती ज्या पेशींवर अवलंबून असते त्यांचाच हा विषाणू नाश करतो. त्यामुळे प्रथम सर्वांचे लक्ष रक्ताकडे आणि फुफ्फुसांकडे लागले. मेंदूकडे ते काहीसे मागाहून वळले.

काही रोग्यांच्या वागण्यात एक चमत्कारिक पालट होत असे. विचार मंदावत, बोलता बोलता धागा सुटे, कशातच गोडी वाटेनाशी होई; पुढे चाल अडखळे, हात कापू लागत. मृत्यू समोर दिसणारा तरुण खिन्न होणारच, अशी समजूत करून घेऊन ही लक्षणे कित्येकदा नजरेआड केली जात. १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथील नाव्हिया, जॉर्डन आणि प्राइस या तीन वैद्यांनी रोग्यांची लक्षणे आणि मृत्यूनंतर केलेली त्यांच्या मेंदूंची तपासणी यांचा मेळ घालून दाखविले की, हा केवळ मनाचा विषाद नसून मेंदूचाच विकार आहे. त्यांनी त्याला एड्सजन्य स्मृतिभ्रंशाचे नाव दिले.

या विकाराची रीत मोठी विलक्षण आहे. विचाराचे काम ज्यांच्याकडे असते त्या चेतापेशींत हा विषाणू सहसा शिरत नाही. रक्तातील काही पांढऱ्या पेशींच्या पोटात दडून, पहारेकऱ्याच्या अंगरख्याआडून चोराने वाड्यात शिरावे तसा, तो मेंदूत प्रवेश करतो आणि तेथील संरक्षक पेशींत ठाण मांडतो. त्या पेशी चवताळून जे द्रव्य बाहेर टाकतात त्याची झळ शेजारच्या चेतापेशींना लागते. घर शत्रूने जाळले नाही, तरी शत्रूच्या भयाने पेटविलेल्या मशालींनी ते होरपळले, असा हा प्रकार आहे.

१९८७ च्या मार्च महिन्यात झिडोव्हुडीन या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने काही रोग्यांची बुद्धीही थोडीबहुत सावरते, असे त्याच वर्षी आढळून आले. परंतु खरा पालट झाला तो १९९६ मध्ये. निरनिराळ्या रीतीने विषाणूला अडविणारी तीन औषधे एकत्र दिल्यास तो रक्तात जवळजवळ दिसेनासा होतो, हे त्या वर्षी व्हँकूव्हरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जगापुढे आले. ज्यांना औषधे मिळाली त्यांच्यातील तीव्र स्मृतिभ्रंशाचे प्रमाण झपाट्याने उतरले. विषाणूला आवर घातला की मन वाचविता येते, हा या इतिहासातील पहिला मोठा धडा होय.

भारतात हा धडा अमलात येण्यास आणखी काही वर्षे लागली. या देशातील पहिले रोगसंसर्ग १९८६ मध्ये मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या पाहणीतून उघड झाले. सुनीतीबाई मूळच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील. पुढे १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावे तेथेच एक सेवा आणि संशोधन केंद्र उभारले. पण औषधे होती पाश्चात्त्य किमतीची. एका रोग्याचा वर्षाचा खर्च १०,००० डॉलरांच्या घरात जाई. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेला देऊ केली, आणि जगातील गरीब देशांपुढचा प्रश्नच पालटला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने काही निवडक सार्वजनिक रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. त्या वेळी चाळिशीत असलेला रोगी आज साठीच्या पुढे गेला आहे. ज्यांच्यासाठी वार्धक्याचा विचारच कोणी केला नव्हता, त्यांच्या दारी वार्धक्य आले. हे यश आहे, आणि आजचे कोडेही त्या यशातूनच जन्मले आहे.

तीव्र स्मृतिभ्रंश ओसरला, तरी सौम्य विस्मरण मागे राहिले. त्याची मोजदाद कशी करावी, हा प्रश्न पुढे आला. २००७ मध्ये तज्ज्ञांनी तीन पायऱ्या ठरविल्या: पहिली, केवळ चाचणीत दिसणारी उणीव, दुसरी, दैनंदिन व्यवहारात जाणवणारा सौम्य विकार, आणि तिसरी, उघड स्मृतिभ्रंश. रोमजवळच्या फ्रास्काती गावावरून ही कसोटी ओळखली जाते. २०१० मध्ये अमेरिकेतील सहा केंद्रांवरील १,५५५ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. इतर गंभीर व्याधी नसलेल्यांत तिसऱ्या पायरीवर सुमारे २ टक्के, दुसरीवर १२ टक्के, आणि पहिलीवर तब्बल ३३ टक्के लोक आढळले.

हे ३३ टक्के लोक खरोखर आजारी होते काय? २०११ मध्ये स्वीडनच्या गिसलेन यांनी, १९८६ च्या शोधातील त्याच प्राइस यांच्यासह, या मोजमापावर आक्षेप घेतला. ही कसोटी निरोगी समाजाला लावली तरी सुमारे पाचांतील एक मनुष्य उणा ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मंडळानेही सुचविले की, केवळ चाचणीतील गुणांवरून कोणाला विकारी ठरवू नये. त्याच्या तक्रारी, त्याचे जीवन आणि अन्य कारणे यांचा मेळ घालूनच निदान करावे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. ज्याच्या कपाळी एक कलंक अगोदरच लागलेला आहे, त्याच्या कागदावर ‘बुद्धिऱ्हास’ असा दुसरा शेरा पडला, तर त्याची नोकरी, त्याचा शब्द, त्याने केलेले मृत्युपत्र, सारेच संशयास्पद ठरू शकते. उलट, खऱ्या विकाराकडे ‘वय झाले’ म्हणून काणाडोळा केला, तर उपचाराची वेळ निघून जाते.

मोजमापाला भाषेचेही बंधन असते. बाल्टिमोरच्या पदवीधरासाठी रचलेली चाचणी सातारच्या शेतमजुराला लावून काय निष्पन्न होणार? २००५ मध्ये बाल्टिमोर आणि युगांडातील कंपाला येथे पारखून घेतलेली एक सोपी चाचणी पुढे आली. चार शब्द सांगावयाचे आणि थोड्या वेळाने विचारावयाचे. बोटे भराभर आपटावयास लावावयाची. आणि मूठ, तळहात, हाताची कड अशा क्रमाने हात टेकावयास सांगावयाचे. तिला अक्षरओळख लागत नाही. पुण्यातील संशोधकांनी तर निरोगी माणसांच्या चाचण्या घेऊन, मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा येणाऱ्यांच्या गुणांत त्यामुळे काही फरक पडतो काय, याचाही अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या माणसाचे विस्मरण आपल्या माणसाशीच ताडून पाहिले पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

विस्मरणाची कारणेही एकेरी नसतात. उपचार उशिरा सुरू झाला असेल तर मेंदूला झालेली जुनी इजा राहून जाते. विषाणू दबला तरी शरीरात एक मंद दाह धुमसत राहतो, आणि तो हृदयाला व रक्तवाहिन्यांना जाचतो. २०२३ मध्ये भारतासह बारा देशांतील ७,७६९ रोग्यांवरील प्रयोगात असे दिसले की, कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या एका औषधाने त्यांचे हृदयविकारादी मोठे आघात सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतात. रक्तवाहिनी जपणे म्हणजे काही अंशी मेंदू जपणेच होय. याखेरीज मधुमेह आहे, क्षयाने कधी काळी मेंदूच्या आवरणाला झालेली इजा आहे, मद्य आहे. एफाव्हिरेन्झ या पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधाने काहींना विचित्र स्वप्ने पडत व मन अस्वस्थ होई. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या जागी डोल्युटेग्राव्हिर या औषधाला पहिली पसंती दिली. आणि सोबतीचे सारे मित्र गमावून एकट्यानेच म्हातारे होणे, हेही एक कारण आहे. त्याची नोंद रक्ताच्या तपासणीत होत नाही.

या साऱ्या इतिहासात एक गाठ मात्र कायम आहे. हा रोग औषधाने आवरतो, पण ते औषध बहुतेकांना रोज, आयुष्यभर, न चुकता घ्यावे लागते. म्हणजे स्मृती टिकते औषधामुळे, आणि औषध घेतले जाते स्मृतीमुळे. यांपैकी एक धागा तुटला की दुसराही उसवू लागतो. आणि ज्याला एकट्याने जगावे लागते, त्याचा पहिला धागा तुटल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून औषधाची बाटली हाती दिली म्हणजे शासनाचे किंवा समाजाचे काम संपले, असे मानता येणार नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. रोग्याला नोकरी, उपचार, शिक्षण आणि निवारा यांबाबत भेदभावाने वागविण्यास त्याने मनाई केली. पण गोळी घेतली काय, असे संध्याकाळी आपुलकीने विचारणारे माणूस कोणताही कायदा नेमू शकत नाही. ते घरातून, शेजारातून, औषधकेंद्रातील परिचारिकेच्या ओळखीतूनच लाभावे लागते.

साठीला बुद्धी नाठी होते, हे म्हणणाऱ्या पूर्वजांच्या घरात ती आठवण करून देणारी चार माणसे असत. ज्यांना साठी पाहावयास मिळेल असे कोणालाच वाटले नव्हते, ते आज साठीला आले आहेत. तशी चार माणसे त्यांच्याही भोवती असावीत, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.