हिंदू वारसाहक्क (कोल्हापूर परिसर)

मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू व्यक्तीची मिळकत कोणाकडे व किती हिश्शाने जावी, हे ठरवणारा कायदा. बौद्ध, जैन व शिखांनाही तो लागू आहे. त्यामुळे शिरोळ, हातकणंगले भागातील जैन शेतकरी कुटुंबांच्या वाटण्याही त्यानेच होतात.

जुन्या मिताक्षरा परंपरेत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार होई. मुलीला ते स्थान नव्हते. पुत्र नसल्यास दत्तक घेत. राजर्षी शाहू स्वतः कागलच्या घाटगे घराण्यातून 1884 मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले. अनौरस संतती व जोगतिणी यांच्या वारसाहक्कासाठी त्यांनी 1920 मध्ये संस्थानात स्वतंत्र कायदा केला, ही त्या काळी मोठ्या धैर्याची गोष्ट होती. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. 17 जून 1956 पासून हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू झाला. विधवा, आई, मुलगा व मुलगी हे सारे पहिल्या वर्गाचे वारस ठरले, आणि स्त्रीला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली.

या कायद्याचा एक पायाभूत निकाल शेजारच्या सांगलीतल्या दाव्यातून आला: गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम (1978). हिराबाईंचे पती 1960 मध्ये वारले. मागे त्या, दोन मुलगे व तीन मुली. सांगलीच्या न्यायालयाने त्यांना 1/24 हिस्सा दिला. त्यांची मागणी 7/24 ची होती. हिशेब असा: मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे धरायचे. त्या काल्पनिक वाटणीत पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी 1/4. मग पतीचा 1/4 सहा वारसांत, म्हणजे प्रत्येकी 1/24. हिराबाईंचे दोन्ही वाटे मिळून 7/24. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी हाच हिशेब मान्य केला: एकदा वाटणी गृहीत धरली की तिचे सर्व परिणाम मानलेच पाहिजेत. पण याच हिशेबात प्रत्येक मुलीच्या वाट्याला 1/24 आणि मुलाच्या वाट्याला 7/24 येतो. मूळ अन्याय इथे दिसतो.

महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना सहहिस्सेदार केले, परंतु त्या वर्षीच्या 22 जूनपूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा निकालात (2020) स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

गावपातळीवर सारे सातबाऱ्यावर येऊन ठेपते. खातेदार वारल्यावर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारसनोंदीचा अर्ज, गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद, हरकतीची नोटीस, फेरफार आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, असा क्रम असतो. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) एवढेच दिसते, किंवा भाऊ कब्जेदार सदरी आणि बहिणी ‘इतर हक्कात’. अशा नोंदीने बहिणीचा हिस्सा बुडत नाही. फेरफार हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

हिस्सा खरोखर जातो तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. खातेफोडीच्या वेळी बहिणीला सहीला बोलावतात. ‘माहेर तुटेल’ या भीतीने ती सही करते. साडी-चोळीच्या मोबदल्यात ऊसपट्ट्यातली बागायत जमीन सोडून देणे हा व्यवहार रीत म्हणून चालू राहावा, हे खेदाचे आहे. कायद्याने तिच्यावर हक्कसोड करण्याचे कोणतेही बंधन नाही. फसवून किंवा दबावाने घेतलेले हक्कसोडपत्र दिवाणी न्यायालयातून रद्द करून घेता येते. मात्र ते सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच पडतो, आणि मुदतीचा कायदाही आडवा येतो. अशा दाव्यांची उच्च न्यायालयातली अपिले पूर्वी मुंबईला जात. 18 ऑगस्ट 2025 पासून सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्गसह कोल्हापूर जिल्ह्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते.